जाळी फोडण्याआधी

साताऱ्याहून यवतेश्वर घाट चढताना जुनी ओम्नी अर्ध्यातच दमते. ॲक्सिलेटर तळाला टेकला तरी पिकअप नाही. क्लचवर संशय जातो, क्लच बदलला जातो, गाडी तशीच. मग मिस्त्री खाली शिरून सायलेन्सरच्या आधीच्या गार डब्यावर टकटक करतो आणि आत काहीतरी खुळखुळतं. धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची, म्हणजे कॅटची, जाळी फुटलेली असते.

ही जाळी भाजलेल्या मातीची. तिच्या बारीक नळ्यांना आतून प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा लेप. तीनशे अंशांच्या आसपास तापली की विषारी कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं पेट्रोल ती जाळून टाकते. शिशाने तो लेप मरतो. म्हणूनच १९९५मध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅट सक्तीचा झाला, तेव्हा बिनशिशाचं पेट्रोलही आणावं लागलं. देशभर ते २०००मध्ये आलं.

प्रत्येक वेळी खुळखुळ ऐकू येईलच असं नाही. जाळी वितळून तुंबली असेल तर आवाज येत नाही. अशा वेळी चांगला मिस्त्री पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून तिथे प्रेशर गेज लावतो. अडीच हजार आरपीएमला दाब साधारण तीन पीएसआयच्या वर गेला, तर धूर पुढे सरकत नाही हे नक्की. अंदाजाने पार्ट बदलण्यापेक्षा ही दहा मिनिटं फार मोलाची आहेत.

पण कॅट आपणहून क्वचितच मरतो. एक प्लग मिसिंग करत असला की कच्चं पेट्रोल जाळीवर जाऊन पेटतं आणि ती वितळते. घासलेल्या रिंगांतून आलेलं ऑइल लेपावर बसतं. प्लग, वायरी, इंजेक्टर, कॉम्प्रेशन न तपासता नवा कॅट बसवला, तर तोही जळणार.

सोपा मार्ग म्हणून पहारीने जाळी फोडून रिकामा डबा परत बसवतात. गाडी पळते, हे खरं. पण याच व्हॅनमधून पोरं शाळेत जातात आणि तो धूर शाळेच्या फाटकाशीच सुटतो. मला हे मुळीच मान्य नाही.

शिवाय जाळी फोडली की तिच्यावरचे मौल्यवान धातूही वाया जातात. साताऱ्याशेजारचा सांगली जिल्हा घ्या. तिथल्या विटा, खानापूर, आटपाडीची माणसं गलाईसाठी, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्यासाठी, देशभर पसरली. सोन्याचांदीचा कण वाया न घालवणं हा त्यांचा धंदा. प्लॅटिनम मात्र १,७६८ अंशांना वितळतं, सोन्यापेक्षा सातशे अंश वर, आणि जाळीवरून ते सोडवायला रासायनिक कारखाना लागतो. पण म्हणून जुना कॅट लोखंडाच्या भावात देऊ नका. असा माल कारखान्याला पोचवणारा व्यापारी शोधा आणि ते पैसे नव्या कॅटला लावा.