बस विजेची, हमी कुणाची?

पुण्याच्या पीएमपी बससेवेला दरवर्षी संचलन तूट येते. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिका ती ६०:४० या प्रमाणात भरून देतात, आणि देताना कुरकुरतात. ई-बसबद्दल लिहिताना बॅटरीपासून सुरुवात करायची रीत आहे. मी या तुटीपासून करतो. शहरात विजेवरची बस येणार की नाही, आणि आली तर टिकणार की नाही, हे गेल्या काही वर्षांत या तुटीच्या रकान्यानेच जास्त ठरवलं आहे.

मुंबईच्या बेस्टने नोव्हेंबर २०१७मध्ये पहिल्या काही ई-बस रस्त्यावर आणल्या, पीएमपीने फेब्रुवारी २०१९मध्ये. त्याच वर्षी एप्रिलपासून केंद्राची फेम-२ योजना लागू झाली: १०,००० कोटींची तरतूद आणि ७,०९० बसचं उद्दिष्ट. १२ मीटरच्या एका बसमागे जास्तीत जास्त ५५ लाखांचं अनुदान होतं, पण त्याला एक अट होती. पालिकेने बस विकत घ्यायची नाही, किलोमीटरच्या दराने चालवायला घ्यायची. बस ठेकेदाराची, चालक त्याचा, देखभालही त्याचीच. मार्ग, वेळापत्रक आणि तिकिटाचे पैसे परिवहन संस्थेचे, आणि कंडक्टर बहुतेक ठिकाणी तिचाच. मुंबईकर याला ‘वेट लीज’ म्हणतात. अट शहाणपणाची होती. बॅटरी बिघडली तर ती दुरुस्त करणारे हात आपल्या वर्कशॉपमध्ये नव्हते. ती जोखीम ज्याला कळते त्याच्या गळ्यात गेली.

दर मात्र गावोगावी वेगळे. प्रत्येक पालिका आपली निविदा आपल्या पद्धतीने काढायची, कंत्राटदार आपली भीती दरात मिसळायचा. त्यावर ‘कन्व्हर्जन्स एनर्जी सर्व्हिसेस’ या सरकारी कंपनीने साधा तोडगा काढला: सगळ्यांची मागणी एकत्र करून एकच निविदा. दिल्ली, कोलकाता, बंगळुरू, हैदराबाद आणि सुरत या पाच शहरांसाठी ५,४५० बस. एप्रिल २०२२मध्ये दर उघडले तेव्हा १२ मीटरच्या बसला सर्वात कमी दर किलोमीटरला ४३.४९ रुपये निघाला, ९ मीटरच्या बसला ३९.२१. मुंबई-पुणे या यादीत नव्हते. आपल्याकडच्या मोठ्या संस्थांनी आपापल्या निविदांची वाट आधीच धरली होती.

आता ४३.४९ रुपये म्हणजे किती, ते कागदावर मांडून पाहू. बस रोज २०० किलोमीटर धावली आणि वर्षातून ३०० दिवस चालली, तर ६०,००० किलोमीटर होतात. बिल २६ लाख ९ हजार ४०० रुपये. शंभर बसचे वर्षाला २६ कोटी, कंडक्टरचा पगार वेगळा. गाडी रिकामी धावली म्हणून यातला एक पैसाही कमी होत नाही. तिकिटातून जे येणार नाही ते पालिकेच्या तिजोरीतून. हे बिल दहा-बारा वर्षं दर महिन्याला वेळेवर चुकतं करायचं, आणि ज्यांनी करायचं त्यांना तूट भरून काढण्यासाठीही दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागतं.

ठेकेदाराला कर्ज देणारी बँक नेमकी इथेच अडते. बस चांगली आहे, हे तिला पटलेलं असतं. पालिका पैसे देईल, हे पटत नाही. पुढच्या निविदांमध्ये काही बडे उत्पादक याच कारणाने मागे सरकले. त्यावरचा उपाय ११ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केला: ३,४३५.३३ कोटींचा हमी निधी, ३८,००० हून अधिक बससाठी. परिवहन संस्थेने बिल थकवलं तर या निधीतून ठेकेदाराला पैसे मिळतात, आणि नंतर ती रक्कम संस्थेकडून किंवा राज्याकडून वसूल होते. त्यासाठी राज्याने रिझर्व्ह बँकेतल्या आपल्या खात्यातून परस्पर वळतं करून घेण्याची संमती द्यायची. अनुदानाच्या घोषणांपेक्षा हा रुक्ष निर्णय मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्याची फीत कापता येत नाही, एवढाच त्याचा दोष.

आगाराचा प्रश्नही असाच अदृश्य. डिझेलच्या आगाराला पंप पुरतो. ई-बसच्या आगाराला उच्चदाब वीजजोडणी, ट्रान्सफॉर्मर आणि गाड्या रात्रभर चार्जिंगला लावता येतील एवढी जागा लागते. ऑगस्ट २०२३मध्ये जाहीर झालेल्या ‘पीएम ई-बस सेवा’ योजनेत १०,००० बस आणि केंद्राचे २०,००० कोटी आहेत. आगार आणि वीजजोडणीलाही त्यात स्थान आहे. उशिरा का होईना, कळलं.

विजेवरचं वाहन घेणाऱ्या व्यापाऱ्याचं गणित पालिकेच्या मानाने सोपं. रोज ठरलेल्या फेऱ्या मारणाऱ्या मालवाहू तीनचाकीच्या मालकाला डिझेल किंवा सीएनजीची बचत महिन्याअखेरीस हातात दिसते. त्याला हवं असतं परवडणाऱ्या व्याजाचं कर्ज आणि गोदामाजवळ चार्जर. सभागृहाची मंजुरी त्याला लागत नाही.

बसच्या करारात माणसांची बाजू मात्र कच्ची राहिली. ऑगस्ट २०२३मध्ये बेस्टच्या भाडेतत्त्वावरच्या बसच्या कामगारांनी समान वेतनासाठी संप केला आणि मुंबईकर थांब्यांवर ताटकळले. ९ डिसेंबर २०२४च्या रात्री कुर्ल्यात अशीच एक १२ मीटरची ई-बस गर्दीत घुसली, माणसं गेली. त्यानंतर गिअर नसलेली बस चालवण्याचं प्रशिक्षण चालकाला किती दिवस दिलं होतं, हा प्रश्न चर्चेत आला. दर किलोमीटरमागे रुपया-दीड रुपया वाचवताना तो कुठून वाचतो, हे निविदा समितीने विचारायला हवं होतं.

एसटीचा अनुभव उलट बाजूचा. १ जून २०२२ रोजी पुणे-नगर मार्गावर ‘शिवाई’ निघाली. १९४८मध्ये याच तारखेला, याच मार्गावर महामंडळाची पहिली बस धावली होती. पुढे २०२३मध्ये ५,१५० ई-बसचा करार झाला, आणि बस वेळापत्रकाप्रमाणे आल्या नाहीत. ठेकेदाराच्या बिलाला केंद्राची हमी आता मिळाली आहे. बस मुदतीत न आल्यास दर बसमागे, दर आठवड्याला किती दंड आणि तो कुठल्या ठेवीतून कापायचा, हे कलम पुढच्या निविदेत दराच्या रकान्याआधी वाचलं पाहिजे.