आजोबांचा अंगठा आणि खेळयंत्राची दांडी

हातात धरून खेळायचे यंत्र आपण नातवंडांकडे पाहिले असेल. मधोमध पडदा, दोन्ही बाजूंना बटणे आणि दोन्ही अंगठ्यांखाली एकेक बुटकी दांडी. मुले तिला ‘स्टिक’ म्हणतात. ती थोडी कलवली की पडद्यावरची गाडी थोडी वळते, पुरती कलवली की पुरती वळते. आरोग्याच्या पाक्षिकात या यंत्राचे काय काम, असे आपणांस वाटेल. माझ्याच एका चुकीमुळे हा विषय माझ्यापुढे आला.

सत्तरी ओलांडलेले एक निवृत्त शिक्षक माझे जुने रुग्ण आहेत. रोज संध्याकाळी ते नातवाबरोबर अर्धा तास मोटारींच्या शर्यती खेळत. डाव्या अंगठ्याच्या बुडाशी कळ येऊ लागली, पिशवी धरवेना, म्हणून ते दवाखान्यात आले. मनगटालगतचा अंगठ्याचा सांधा झिजला होता. मी लावायला मलम लिहून दिले आणि म्हणालो, “गुरुजी, तो खेळ आता सोडा.” त्यांनी सोडला. दोन महिन्यांनी त्यांच्या सूनबाई आल्या तेव्हा म्हणाल्या, “डॉक्टर, बाबांचा अंगठा बरा आहे, पण संध्याकाळी नातू त्याच्या खोलीत असतो आणि बाबा गॅलरीत.” मी गप्प झालो. ज्यांना बरणीचे झाकण फिरवता येत नाही, त्यांना मी लोणचे सोडा असे कधी सांगितले नव्हते. झाकण उघडण्याचे साधन सुचवले होते. मग खेळाच्या बाबतीत माझी बुद्धी कुठे गेली होती?

या सांध्याची गोष्ट थोडी समजून घ्यावी. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत 1 किलोचा जोर असतो, तेव्हा अंगठ्याच्या बुडाशी त्याच्या सुमारे 12 पट दाब पडतो. त्यात यंत्राचे वजन मिळवा. गुरुजींच्या नातवाकडे होते ते अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीचे ‘स्टीम डेक’. 2022 साली आलेल्या त्या यंत्राचे वजन 669 ग्रॅम आहे. म्हणजे हाताने जवळजवळ पाऊण किलो पेलायचे आणि त्याच हाताच्या अंगठ्याने दांडीही हलवायची. तरुण हाताला हे जाणवत नाही, झिजलेल्या सांध्याला लगेच जाणवते.

या यंत्राची एक गोष्ट मात्र आपल्या उपयोगाची आहे. त्याच्या दांड्या कायमच्या जोडलेल्या नसतात. मागचे झाकण आठ स्क्रूंनी बसवलेले असते आणि आत प्रत्येक दांडीचा वेगळा सुटा भाग असतो. तो काढून दुसरा बसवता येतो; आयफिक्सिट नावाची कंपनी असे भाग विकते. साध्या दांडीच्या आत कार्बनच्या पट्टीवर धातूची जीभ घासत असते. ती झिजली की हात न लावताही गाडी आपोआप एका बाजूला ओढते. ‘हॉल’ प्रकारच्या दांडीत चुंबक असतो आणि त्याची हालचाल स्पर्शाविना मोजली जाते. घासणेच नसल्यामुळे ती झीजही टळते. गंमत अशी की खेळयंत्राचा झिजलेला सांधा घरबसल्या बदलता येतो, आमच्या क्षेत्रात ते इतके सोपे नाही.

जिथे एक भाग निघतो, तिथे दुसऱ्या प्रकारचा भागही बसू शकतो, आणि वृद्ध हातांना खरी आशा इथेच आहे. मऊ स्प्रिंगची दांडी, रुंद आणि खोलगट टोपी, तळव्याने ढकलता येईल असा घुमट, किंवा दांडीच्या जागी नुसते छिद्र ठेवून तारेने जोडलेली मोठी दांडी थेट मांडीवर. या कल्पना हवेतल्या नाहीत. मायक्रोसॉफ्टने 2018 मध्ये अपंगांसाठी जो नियंत्रक आणला, त्याला मोठी बटणे आणि खटके जोडण्यासाठी हेडफोनच्या मापाची 19 छिद्रे आहेत. सोनीच्या 2023 मधल्या ‘ॲक्सेस’ नियंत्रकाबरोबर दांडीच्या तीन टोप्या मिळतात: नेहमीची, घुमटासारखी आणि चेंडूसारखी. तो टेबलावर आडवा ठेवून वापरतात, हातात पेलावा लागत नाही. हातातल्या यंत्रांच्या सुट्या दांड्यांनाही अशी विविधता मिळावी, असे मला फार वाटते.

इथे एक सावधगिरी हवी. उंच दांडी घेतली की काम हलके होईल, असे दुकानदार सांगतात. ते अर्धेच खरे आहे. तरफेच्या नियमाने जोर कमी लागतो, पण टोकाला अंतर जास्त कापावे लागते, आणि झिजलेल्या अंगठ्याला तेच ताणणे सोसत नाही. म्हणून उंच दांडी अंगठ्याने नव्हे, तळव्याने किंवा चार बोटांनी हलवावी. अंगठ्यानेच खेळायचे असेल, तर बुटकी दांडी आणि रुंद टोपी बरी. रबराची टोपी वरून चढवता येते, यंत्र उघडावे लागत नाही.

यंत्र उघडायचेच असेल तर ते काम घरातल्या जाणत्या तरुणाकडे किंवा दुरुस्ती करणाऱ्याकडे सोपवा. आत लिथियमची बॅटरी असते. यंत्र पूर्ण बंद करून आणि मेमरी कार्ड आधी काढून मगच झाकण उघडावे. नवी दांडी बसवल्यावर तिचा मध्य यंत्राला नव्याने ओळखून द्यावा लागतो. हात थरथरत असेल तर सेटिंगमध्ये मधला ‘मृत टापू’ वाढवून घ्या. मग बारीक कंपाने गाडी हलत नाही.

गुरुजींसाठी आम्ही यंत्र उघडलेच नाही. ते टेबलावर स्टँडला टेकवले आणि वरच्या बाजूच्या यूएसबी-सी छिद्रातून टेबलावर ठेवायची एक मोठी जॉयस्टिक जोडली. गाडी वळवण्याचे काम तिच्याकडे दिले. अंगठ्याला आधारपट्टा, खेळाआधी कोमट पाण्यात हात आणि पंधरा मिनिटांनी विश्रांती एवढे पथ्य ठेवले. दुखते म्हणून मनाने वेदनाशामक गोळ्या घेण्यास मात्र मी बंदी केली. या वयात त्या मूत्रपिंडाला आणि जठराला महाग पडतात. रात्री अंगठा, तर्जनी, मधले बोट बधिर होऊन जाग येत असेल, तर तो विकार वेगळा असतो, डॉक्टरांना दाखवा. हाताची ताकद अचानक गेली, तर खेळाचे निमित्त शोधत न बसता तत्काळ रुग्णालय गाठा.

गुरुजी आता तळव्याने गाडी वळवतात. नातवाच्या सांगण्यानुसार, ते अजूनही प्रत्येक तीव्र वळणावर भिंतीला धडकतात आणि दोष जॉयस्टिकला देतात.