विश्लेषण : ‘फ्री’ म्हणजे मोफत की मुक्त? फ्रेंच अनुवादात या शब्दाचे काय होते?

मोबाइलवर एखाद्या अ‍ॅपसमोर ‘फ्री’ असे दिसले की बोट आपोआप डाउनलोडच्या बटणाकडे वळते. पण या चार अक्षरी इंग्रजी शब्दाने अनुवादकांना, सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना आणि फ्रान्समध्ये तर न्यायालयालाही कामाला लावले आहे. इंग्रजीत ‘फ्री’ एकच आहे. फ्रेंचमध्ये जाताना मात्र त्याचे अर्धा डझन तुकडे होतात आणि त्यातला कोणता उचलायचा, हे संदर्भ पाहिल्याशिवाय ठरत नाही.

फ्रेंचमध्ये किती ‘फ्री’?

ज्याला पैसे पडत नाहीत ते ‘ग्रातुई’. ज्याच्यावर बंधन नाही ते ‘लिब्र’. मोकळा वेळ, रिकामी खुर्ची, भाडे नसलेली टॅक्सी, मुक्त व्यापार, या सगळ्यांसाठी ‘लिब्र’ चालतो. फुटबॉलमधली फ्री किक मात्र ‘कू फ्रां’ होते आणि करमुक्त व्यापारी क्षेत्रालाही ‘फ्रां’चेच स्त्रीलिंगी रूप लागते. हा शब्द फ्रँक जमातीच्या नावावरून आला. जो फ्रँक तो स्वतंत्र माणूस, असा त्या काळचा हिशेब होता. ‘शुगर-फ्री’मधला ‘फ्री’ तर नाहीसाच होतो, तिथे ‘सां’ म्हणजे ‘शिवाय’ येतो. इंग्रजीतले ‘फील फ्री’ फ्रेंचमध्ये ‘संकोच करू नका’ असे होते. तिथे शब्द नव्हे, वाक्यच बदलावे लागते.

इंग्रजीत एवढे अर्थ कुठून आले?

‘फ्री’ आणि संस्कृतातला ‘प्रिय’ हे एकाच प्राचीन मुळातून निघालेले शब्द आहेत. इंग्रजी ‘फ्रेंड’ही त्याच कुळातला. घरातली माणसे ती ‘आपली’, प्रिय; गुलाम त्यांच्यात मोजले जात नसत. त्यातून ‘प्रिय’चा अर्थ ‘गुलाम नसलेला’ असा झाला, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. ‘पैसे न पडणारा’ हा अर्थ फार नंतरचा. आज जाहिरातीत तोच सर्वांत मोठ्याने बोलतो, ही गोष्ट वेगळी.

सॉफ्टवेअरमध्ये घोळ कसा झाला?

अमेरिकी प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला आणि 1985 मध्ये ‘फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन’ स्थापन केले. त्यांना अभिप्रेत असलेला ‘फ्री’ किमतीशी संबंधित नव्हता. सॉफ्टवेअर हव्या त्या कामासाठी चालवता यावे, त्याची आतली रचना पाहून ती बदलता यावी, प्रती दुसऱ्याला देता याव्यात आणि सुधारलेली आवृत्तीही वाटता यावी, ही ती मोकळीक. असे सॉफ्टवेअर पैसे घेऊन विकायलाही हरकत नाही. उलट, एक पैसाही न घेता मिळणारे पण आत डोकावू न देणारे अ‍ॅप या अर्थाने ‘फ्री’ ठरत नाही.

इंग्रजी बोलणाऱ्यांना हे पुन्हा पुन्हा समजावून सांगावे लागले. ऐकणारा ‘फुकट’ असेच ऐकत होता आणि फुकटच्या मालाबद्दल कंपन्यांना शंका वाटत होती. 1998 मध्ये ‘ओपन सोर्स’ हा नवा शब्द पुढे आला, त्यामागे हेही एक कारण होते. फ्रेंचमध्ये असा प्रश्न फारसा उद्भवलाच नाही. तिथे ‘लोजिसिएल लिब्र’ म्हटले की पैशांचा विषय निघत नाही. स्टॉलमन स्वतः इंग्रजीत बोलतानाही अर्थ स्पष्ट करण्यासाठी ‘लिब्र’ हा शब्द वापरतात. फ्रान्सच्या 2016 च्या डिजिटल प्रजासत्ताक कायद्यात सरकारी यंत्रणांनी ‘लिब्र’ सॉफ्टवेअरच्या वापराला प्रोत्साहन द्यावे, असे म्हटले आहे. त्या जागी ‘ग्रातुई’ असते, तर कायद्याचा अर्थच बदलला असता.

न्यायालयात काय घडले?

उत्तर फ्रान्समधल्या पिकार्दी प्रांताने शाळांसाठी ‘लिली’ नावाचे ‘लिब्र’ सॉफ्टवेअर निवडले आणि ते बसवण्याच्या, सांभाळण्याच्या कामाची निविदा काढली. स्पर्धक कंपन्यांचा आक्षेप असा की, सॉफ्टवेअर आधीच ठरवून टाकल्याने त्यांना संधीच उरली नाही. कनिष्ठ न्यायालयाने निविदा रद्द केली. सर्वोच्च प्रशासकीय न्यायालय असलेल्या ‘कॉन्सेई देता’ने 30 सप्टेंबर 2011 रोजी तो निर्णय फिरवला. सॉफ्टवेअर मोफत मिळत असल्याने प्रांताने ते ‘विकत’ घेतलेलेच नव्हते. शिवाय ते मुक्त असल्याने कोणतीही कंपनी त्यात बदल करू शकत होती, म्हणजे सेवा देण्याची स्पर्धा सर्वांना खुली होती. निकालात दोन्ही अर्थ लागले, पण प्रत्येकाने वेगळे काम केले. एकाच ‘फ्री’वर हा युक्तिवाद उभा करणे अवघड गेले असते.

मोबाइलवरचा ‘फ्री’ कुठे गेला?

‘ग्रातुई’ म्हटले की गोंधळ संपला, असेही नाही. गेम डाउनलोड करताना पैसे नाहीत, पण पुढची पातळी गाठायची तर खरेदी करा, हा प्रकार फ्रेंच मुलांच्या पालकांनाही तितकाच महागात पडला. युरोपीय आयोगाने हा विषय लावून धरल्यावर, आत खरेदी असलेल्या गेमना ‘फ्री’ न म्हणण्याचे गुगलने 2014 मध्ये मान्य केले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अ‍ॅपलने अ‍ॅप स्टोअरच्या बटणावरचा ‘फ्री’ काढून ‘गेट’ असे लिहिले. फ्रेंच बटणावर ‘मिळवा’ या अर्थाचे क्रियापद आहे. किमतीचा उल्लेखच टाळला, की अनुवादाचा प्रश्नही टळतो!

फ्रेंच शब्दही तितके स्वच्छ नाहीत. ‘ग्रातुई’ आरोप म्हणजे मोफत आरोप नव्हे, बिनबुडाचा आरोप. ‘लिब्र-सेर्विस’ म्हणजे फुकट सेवा नव्हे, स्वतः हाताने घ्या. त्याचे पैसे द्यावेच लागतात. आणि दारावरचे ‘आन्त्रे लिब्र’ बघणारा ‘तिकीट नाही’ असे समजतो, तर दुकानावर त्याचा अर्थ ‘आत या, घेतलेच पाहिजे असे नाही’ इतकाच असतो.

मराठीत काय?

किंमत आणि बंधन वेगळे करण्यात मराठी फ्रेंचइतकीच सक्षम आहे. एकीकडे मोफत, विनामूल्य आणि जरा नाक मुरडणारे फुकट. दुसरीकडे मुक्त, मोकळा, स्वतंत्र. मराठीची अडचण दुसरीकडे आहे. ‘ओपन युनिव्हर्सिटी’ म्हणजे मुक्त विद्यापीठ आणि ‘फ्री ट्रेड’ म्हणजेही मुक्त व्यापार. फ्रेंच ‘लिब्र’ आणि ‘खुले’ यांच्यासाठी निरनिराळे शब्द ठेवते. मराठीत मात्र ‘फ्री सॉफ्टवेअर’चे मुक्त सॉफ्टवेअर होते आणि ‘ओपन सोर्स’चेही मुक्त स्रोत. ज्या दोन गटांनी 1998 पासून एकमेकांपासून वेगळे नाव लावले, ते मराठीत पुन्हा एकाच शब्दाखाली येतात. ‘ओपन’साठी ‘खुला’ हा शब्द उपलब्ध आहे, तरी रूढ झाला तो ‘मुक्त’च.