खांदेदुखी, ध्वनिचित्र आणि रुग्णाची भाषा

नाशिक जिल्ह्यात निफाड-दिंडोरीच्या बाजूस द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते : एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. त्या दिवसांत मांडवाखाली उभ्या असलेल्या माणसाचे हात तासन्‌तास डोक्याच्या वर राहतात. अशा श्रमाचा खांद्याच्या विकारांशी संबंध असतो, हे वैद्यकशास्त्राने मान्य केलेले आहे. ‘खांदा दुखतो’ ही त्याची तक्रार सोनोग्राफीच्या खोलीपर्यंत पोचते, तेव्हा यंत्राकडे वळण्यापूर्वी त्या वाक्यातील नामाकडे पाहणे इष्ट ठरते.

मराठीतील ‘खांदा’ सांध्यापुरता मर्यादित नाही. बैलाच्या मानेवर जू बसते तो खांदा, आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीत चोळला जातो तोही तोच. कावड, झोळी, तिरडी ज्यावर येते, तो मानेच्या बुडापासून दंडाच्या आरंभापर्यंतचा सारा भाग म्हणजे खांदा. शरीरशास्त्रातील सांधा हे या विस्ताराचे केवळ बाहेरचे टोक होय. मौज अशी, की सांध्याभोवतीच्या कंडरांचे दुखणे बहुधा दंडाच्या बाहेरील अंगास जाणवते. उलट, माणूस ज्याला निःशंकपणे ‘खांदा’ म्हणतो त्या मानेलगतच्या भागातील वेदनेचे मूळ पुष्कळदा मानेत असते. रुग्णाने दुखरी जागा बोटाने दाखविली नाही, तर यंत्र चुकीच्या ठिकाणी अचूक काम करील.

यंत्राची रीत सोपी आहे. माणसाच्या कानाची मर्यादा सेकंदास सुमारे २०,००० कंपनांची. खांद्यासाठी साधारणपणे ७० लक्ष ते दीड कोटी, कधी त्याहूनही अधिक कंपनांचा ध्वनी वापरतात. मृदू ऊतींतून तो सेकंदास सुमारे १५४० मीटर वेगाने जातो, आणि प्रतिध्वनी परतण्यास लागलेल्या वेळावरून खोली कळते. कंपने जितकी अधिक तितके चित्र सूक्ष्म, परंतु पोच कमी. खांद्याच्या कंडरा त्वचेपासून फार खोल नसल्यामुळे येथे हा व्यवहार परवडतो. संपूर्ण जाडीची चीर यात चांगली ओळखता येते, अर्धवट चिरेबाबत खात्री कमी. हाडापलीकडे मात्र ध्वनी जात नाही. सांध्याच्या आतील बिघाडासाठी एमआरआयचाच आश्रय करावा लागतो.

येथे एक फसगत संभवते. कंडरेतील तंतू समांतर असतात, आणि ध्वनिकिरण त्यांवर काटकोनात पडला तरच प्रतिध्वनी नीट परततो. कोन थोडा ढळला की निरोगी कंडराही काळी दिसते, जणू तेथे चीरच आहे. जाणता तपासनीस शलाका किंचित कलवून पाहतो; काळोखी नाहीशी झाली तर तो केवळ आभास होता.

खरीखुरी चीर दिसली तरी प्रश्न संपत नाही. कसलीही वेदना नसलेल्या माणसांतही कंडरांच्या चिरा आढळतात, आणि वयाबरोबर त्यांचे प्रमाण वाढते. अहवालातील ‘चीर’ हा शब्द वाचून शस्त्रक्रियेची धास्ती घेणाऱ्या कष्टकऱ्यास हे कोणी समजावून सांगितलेच पाहिजे. याच्या उलट प्रकार गोठलेल्या खांद्याचा. त्याचे हे इंग्रजी नाव बॉस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ साली रूढ केले. सोनोग्राफीत त्याच्या काही खुणा दिसू शकतात. पण त्याचे निदान मुख्यतः हात हलवून पाहूनच होते, कारण तेथे दुसऱ्याने प्रयत्न केला तरी हात पुरता फिरत नाही. मोठी चीर पडलेल्या रुग्णाचा हात, वेदना सोसता आल्यास, दुसऱ्याला बहुधा वर नेता येतो.

हा भेद मराठीच्या शक्य क्रियापदात जवळजवळ तयारच आहे. ‘हात उचलवत नाही’ यात उणीव कर्त्याच्या शक्तीची; ‘हात वर जात नाही’ यात अडून बसलेला हातच वाक्याचा कर्ता. रुग्ण हे दोन प्रयोग काटेकोरपणे वेगळे राखतो असे मुळीच नाही, आणि त्यावरून निदान करणे हास्यास्पद ठरेल. परंतु ‘दुसऱ्याने उचलला तर जातो का?’ एवढे विचारून त्याचे उत्तर, बोटाने दाखविलेल्या जागेसह, तपासणीच्या चिठ्ठीवर लिहिले, तर शलाका हाती घेणाऱ्यास नेमके काय शोधावयाचे ते कळते. आज अशा चिठ्ठीवर पुष्कळदा ‘उजवा खांदा, वेदना’ एवढेच असते.