मशीनचे भरतकाम आणि आपली मजुरी

वांगणीहून लोकलने उल्हासनगर गाठले की शिलाई-भरतकामाचे काम मिळते. पण कामातले शब्द ठाऊक नसले तर बिघडलेल्या कापडाचे पैसे मजुरीतून जातात. म्हणून थोडे समजून घेऊ.

घरच्या मशीनवर भरताना सुईजवळचा फूट काढतात, कापड पुढे ढकलणारे दाते खाली करतात. मग रिंग हातानेच फिरवायची. ती हातभरतकामाच्या उलट लावावी. कापड मशीनच्या पाटाला टेकले पाहिजे. फूट नसला तरी त्याचा दांडा खाली पाडावाच. शिकताना आम्ही हेच विसरायचो. वरच्या धाग्याला ताण मिळेना आणि खाली सारा गुंता! वरचा धागा बॉबिनच्या धाग्यापेक्षा जरा सैल असावा. पातळ कापडाखाली कागद लावावा, म्हणजे ते आकसत नाही.

एका रेषेत जाणारे टाके म्हणजे रनिंग. शेजारी-शेजारी दाट भरलेले आडवे टाके म्हणजे सॅटिन. सॅटिनला वेळ आणि धागा जास्त लागतो. दोन्हींना एकच दर कबूल करू नये. कॉम्प्युटर मशीनवाले दर हजार टाक्यांमागे पैसे लावतात. मग आपणच अंदाजाने मजुरी का घ्यावी?