नळी मोकळी करायची, की मणके जखडायचे?

चार पावलं टाकली की पोटऱ्या भरून येतात, पाय जड होतात. बाकावर जरा टेकलं की पाच मिनिटांत सगळं पूर्ववत. हाच माणूस सायकल मात्र मजेत हाणतो. अमेरिकेतले डॉक्टर याला सुपरमार्केटच्या ढकलगाडीची खूण म्हणतात. गाडीच्या दांडीवर रेलून आजोबा तासभर सामान घेत फिरतात आणि बाहेर पार्किंगमध्ये ताठ चालायची वेळ आली की अडतात.

कारण साधं आहे. पुढे वाकलं की कमरेच्या मणक्यांमधली नळी थोडी उघडते, ताठ झालं की आवळते. वयाबरोबर गाद्या चपट्या होतात, सांध्यांचं हाड वाढतं, आतला अस्तरासारखा बंध जाडावतो आणि मधल्या नसा चेपतात. उट्रेख्टचे डच न्यूरोसर्जन हेंक व्हर्बिस्ट यांनी १९५४ साली या दुखण्याचं नीट वर्णन केलं, तोवर पायातल्या या कळांचं खापर बरेचदा रक्तवाहिन्यांवर फुटायचं.

औषधं, व्यायाम करून भागलं नाही तर शस्त्रक्रिया. जुनी पद्धत डिकंप्रेशनची: मागच्या कमानीचं हाड नि जाड झालेला बंध काढून नसांना जागा करून द्यायची. दुसरी फ्युजनची. यात मणक्यांत स्क्रू बसवून, सळ्यांनी बांधून, हाडाचे तुकडे भरून ते एकमेकांना कायमचे जोडून टाकायचे. मणका सरकला असेल किंवा कणा वाकला असेल तर याला अर्थ आहे. नुसतीच नळी अरुंद असेल तर?

पोर्टलँडच्या डॉ. रिचर्ड डेयो आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या मेडिकेअर या सरकारी विम्याच्या नोंदी तपासल्या. त्यांचा लेख २०१० साली आला. २००२ ते २००७ या काळात या दुखण्याच्या एकूण शस्त्रक्रिया जराशा घटल्याच होत्या. पण दोनहून अधिक गाद्यांच्या पातळीवरचं किंवा पुढून-मागून दोन्हीकडून केलेलं मोठं फ्युजन दर लाख विमाधारकांमागे १.३ वरून १९.९ वर, म्हणजे पंधरा पट गेलं. पाच वर्षांत म्हाताऱ्यांचे मणके काही पंधरा पट बिघडले नव्हते. बदललं होतं ते ऑपरेशन थिएटरातलं सामान, त्यामागचा पैसा आणि ‘जास्त केलं म्हणजे जास्त पक्कं’ ही समजूत, असं माझं मत.

या पक्केपणाची किंमतही त्याच नोंदींत आहे. हृदयविकाराचा झटका, न्यूमोनिया, पक्षाघात अशा जिवावरच्या गुंतागुंती साध्या डिकंप्रेशननंतर २.३ टक्के रुग्णांत झाल्या, मोठ्या फ्युजननंतर ५.६ टक्क्यांत. वय आणि इतर आजार हिशेबात धरूनही धोका तिपटीच्या आसपासच राहिला. रुग्णालयाचं बिल सरासरी २३,७२४ डॉलरवरून ८०,८८८ डॉलरवर.

मग फ्युजनने निदान जास्त बरं तरी वाटतं का? २०१६ साली स्वीडनमधल्या २४७ रुग्णांच्या चाचणीत दोन वर्षांनी फरक दिसला नाही. ज्यांचा मणका थोडा सरकला होता, त्यांच्यातही नाही. २०२१ साली नॉर्वेच्या चाचणीत, तिथे तर सगळेच मणका सरकलेले, नुसतं डिकंप्रेशन कमी पडलं नाही. उलट बाजूला अमेरिकेतली ६६ जणांची चाचणी आहे. तिच्यात फ्युजनवाल्यांची तब्येत थोडी सरस होती आणि पुन्हा टेबलावर जायची वेळ कमी जणांवर आली. त्यामुळे वाद मिटलेला नाही.

एक गोष्ट मात्र रिपोर्ट हातात आल्या आल्या विसरली जाते. साठी उलटलेल्या कित्येकांच्या एमआरआयमध्ये अरुंद नळी दिसते आणि त्यांचं काहीच दुखत नसतं. लघवीवरचा ताबा सुटला, पायातली ताकद झपाट्याने जायला लागली, तर थांबायचं नाही. एरवी बहुतेकांना विचार करायला महिने असतात. आणि डिकंप्रेशनचा गुण मुख्यतः चालताना येणाऱ्या पायाच्या कळांना येतो. कंबर दुखायची थांबेल म्हणून टेबलावर चढलेला माणूस पुष्कळदा तीच कंबर घेऊन घरी परततो.