भिंतच सांगते आपले वय

जुनी इमारत पाहिली की मनात पहिला प्रश्न येतो, ही बांधली तरी केव्हा? शिलालेख असल्यास काम सोपे. पण तो नसेल तर? चला, उत्तर शोधायला इंग्लंडच्या एसेक्स परगण्यात एक दिवस भटकून येऊ.

सकाळी पाहू ग्रीनस्टेडचे चिमुकले चर्च. याच्या जुन्या भिंती दगडाच्या नाहीत. ओकचे ओंडके उभे चिरून ते एकाशेजारी एक उभे केले आहेत. चिरलेली सपाट बाजू आत, गोल बाजू बाहेर. १८४८ च्या दुरुस्तीत त्यांचे कुजलेले बुंधे कापून खाली विटांचे जोते घालण्यात आले.

ओक दरवर्षी एक वलय वाढवतो. अनुकूल वर्षी वलय रुंद, प्रतिकूल वर्षी अरुंद. रुंद-अरुंद वलयांचा हा क्रम, ज्यांचे वय ठाऊक आहे अशा लाकडांतील क्रमाशी जुळवला की प्रत्येक वलयाचे वर्ष कळते.

या पद्धतीने १९६० च्या सुमारास ग्रीनस्टेडचे वर्ष इ. स. ८४५ ठरले होते. पण १९९५ मध्ये फेरतपासणी झाली आणि चर्च दोन शतकांहून अधिक 'तरुण' ठरले! लाकडातील शेवटचे वलय १०५३ चे निघाले. त्याबाहेरचे रसकाष्ठ नष्ट झाले आहे. त्यात १० ते ५५ वलये असावीत, असा हिशेब धरला जातो. म्हणजे झाडे १०६३ ते ११०८ या काळात तोडली गेली. नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले १०६६ मध्ये. चर्च त्याआधीचे की नंतरचे, हे सांगणारी वलये नेमकी गळून गेली आहेत!

दुपारी त्याच परगण्यातील क्रेसिंग टेंपल येथे जाऊ. टेंप्लर या लढवय्या धर्मसंघाने तेराव्या शतकात बांधलेली दोन प्रचंड लाकडी कोठारे येथे उभी आहेत. एक सातूचे, दुसरे गव्हाचे. दिसायला ती जुळी भावंडे. पण वलये सांगतात, सातूचे कोठार सुमारे अर्ध्या शतकाने थोरले. सांध्यांवरूनही वय ताडता येते. सुतार लाकडे एकमेकांत कशी बसवत, ती रीत काळानुसार बदलत गेली. सीसिल ह्यूएट यांनी अशा सांध्यांचा कालक्रमच लावला.

आपल्याकडे सागाच्या लाकडात वार्षिक वलये स्पष्ट दिसतात. पुण्यातील शास्त्रज्ञांनी त्यांवरून जुन्या काळच्या पावसाचा अभ्यास केला आहे. वखारीत सागाचा आडवा कापलेला ओंडका दिसला, तर वलये मोजून पाहा. मात्र बाहेरचा भाग तासलेला नाही ना, हे आधी तपासा. ग्रीनस्टेडचा धडा तोच आहे!